मंद आचेचा तारा

सूर्याच्या ऊर्जेचा पहिला भरवशाचा हिशेब पाण्याच्या डबीवरून मांडला गेला. १८३०च्या दशकात क्लोद पुइये या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने धातूच्या चपट्या डबीत पाणी भरलं, तिच्या एका बाजूला काजळी फासली, आत तापमापक बसवला आणि ती काळी बाजू सूर्याकडे धरली. पाणी किती वेळात किती तापतं ते मोजलं, वाटेत वातावरणाने किती उष्णता खाल्ली असेल त्याचा अंदाज घेऊन तीही मिळवली. त्याचं उत्तर आजच्या मोजमापाहून दहाएक टक्क्यांनीच कमी भरतं. उपग्रहांवरच्या उपकरणांनी आज पक्का झालेला आकडा असा आहे : वातावरणाबाहेर, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर १३६१ वॅट.

हा आकडा हाती आला की उरलेलं काम शाळेतल्या भूमितीचं. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. तेवढ्या त्रिज्येचा गोल कल्पायचा आणि त्याच्या पृष्ठफळाने १३६१ला गुणायचं. ३८ वर २५ शून्यं, इतके वॅट येतात. गुणाकारात अवघड काही नाही. अवघड प्रश्न पुढचा : इतकी ऊर्जा सतत उधळणारा हा गोळा ती आणतो कुठून आणि ती किती काळ पुरणार?

एकोणिसाव्या शतकात इंधन म्हटलं की कोळसा डोळ्यांपुढे यायचा. सूर्याचं वस्तुमान दोनावर तीस शून्यं इतके किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ३ लाख ३३ हजार पृथ्वींएवढं. हा सगळा उत्तम कोळसा आहे आणि जाळायला लागणारा ऑक्सिजनही फुकटात मिळतोय असं धरलं, तरी पाचेक हजार वर्षांत सूर्याची राख व्हायला हवी. मग हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५४ मध्ये, आणि त्यांच्यामागून विल्यम थॉम्सन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी वेगळा मार्ग काढला. वायूचा अवाढव्य गोळा स्वतःच्याच वजनाने आकसतो. आकसताना गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा मोकळी होते. तिच्यातली निम्मी गोळ्याला तापवते, निम्मी प्रकाश होऊन बाहेर पडते. सूर्याची त्रिज्या वर्षाला पन्नास मीटरांहूनही कमी आकसली तरी त्याचा सगळा खर्च भागतो, आणि एवढासा फरक तेव्हाच्या कुठल्याही दुर्बिणीला दिसला नसता. पण या भांडवलावर सूर्य जगणार काही कोटी वर्षं. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत इंग्लंडमधल्या एका दरीची झीज व्हायलाच ३० कोटी वर्षं लागली असावीत असं लिहिलं होतं. त्यावर इतकी टीका झाली की पुढे त्याने तो हिशेब काढूनच टाकला. दगड आणि जीव जास्त वेळ मागत होते, सूर्य तो द्यायला तयार नव्हता.

लोकप्रिय पुस्तकांत केल्विन यांची गोष्ट इथे संपते : थोर माणूस, पण चुकला. मला हे अर्धवट वाटतं. सूर्य कशाने तापला याचं केल्विन-हेल्महोल्ट्झ यांनी दिलेलं उत्तर आजही तसंच्या तसं खरं आहे. वायू आणि धुळीचा ढग आकसला, आकसता आकसता त्याचा गाभा तापत गेला, आणि दीड कोटी अंशांच्या आसपास पोचल्यावर तिथे हायड्रोजनपासून हीलियम होऊ लागला. त्यातून मिळणारी ऊर्जा बाहेर जाणाऱ्या ऊर्जेची बरोबरी करू लागली तसं आकसणं थांबलं. म्हणजे अणुसंमीलनाने सूर्य पेटवला नाही. त्याचं कोसळणं रोखून धरलं आणि आयुष्य काही कोटींवरून हजार कोटी वर्षांवर नेलं. उद्या कुणी हे संमीलन अचानक बंद पाडलं, तर सूर्य विझणार नाही. तो पुन्हा आकसायला लागेल, आणि आपल्या अनेक पिढ्यांना काही वेगळं घडलंय याचा प्रकाशावरून पत्ताही लागणार नाही. सूर्याविषयीचे बरेच घोटाळे हा क्रम उलटा धरल्याने होतात.

आता सूर्यात आहे तरी काय, हे पाहू. याचं उत्तर वर्णपटाने दिलं, आणि त्या कथेतला एक तुकडा आपल्या कोकणात येऊन अडकला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतावरून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते. इतरही निरीक्षक ठिकठिकाणी होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात काहींना एक पिवळी रेषा दिसली आणि ती सोडियमची असावी असं वाटून गेलं. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि नॉर्मन लॉकियर यांनी तिथून हीलियमचा शोध लावला असं सांगतात. १८ ऑगस्टला तिथे हीलियम दिनही साजरा होतो. लॉकियर विजयदुर्गाला आले होते हे खरं, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. १८६८ मध्ये ते इंग्लंडातच होते. तिथूनच, ग्रहण नसताना, त्यांनी ऑक्टोबरमध्ये ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि ती पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर बसत नाही हे दाखवलं. तीस वर्षांचं अंतर लोकस्मृतीत गळून पडलं, इतकंच. १८९८च्या त्याच ग्रहणाला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला तळ ठोकून होते आणि त्यांनी त्याचा रीतसर अहवाल छापला. ओटे लोकांना माहीत आहेत, नायगमवाला फारसे कुणाला माहीत नाहीत. ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणं कोडाईकनालला गेली.

पृथ्वीवर हीलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमझी यांना, एका युरेनियमयुक्त खनिजात. पण सूर्यात तो किती आहे हे कळायला आणखी तीस वर्षं जावी लागली. सूर्याच्या वर्णपटात लोह, कॅल्शियम यांच्या रेषा ठळक दिसतात, म्हणून सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्याचा, फक्त तापलेला, अशी बहुतेकांची समजूत होती. मेघनाद साहा यांनी १९२०च्या सुमारास मांडलेल्या समीकरणाने तिला तडा गेला. कोणत्या तापमानाला कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे त्या समीकरणातून काढता येतं, आणि त्यामुळे रेषेचा ठळकपणा आणि द्रव्याचं प्रमाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे उघड होतं. सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने हार्वर्डमध्ये साहांचं समीकरण ताऱ्यांच्या वर्णपटांना लावलं आणि १९२५च्या प्रबंधात निष्कर्ष काढला की ताऱ्यांत हायड्रोजनच हायड्रोजन आहे. त्या काळचे मोठे तज्ज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते अशक्य वाटलं. त्यांच्या दबावाखाली पेनबाईंनी आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा अशी पुस्ती जोडली. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर पोचले. आजचे आकडे : वस्तुमानाने सुमारे ७४ टक्के हायड्रोजन, २५ टक्क्यांच्या आसपास हीलियम, आणि बाकी सगळं मिळून दोन टक्क्यांहून कमी. हे शेवटचे दोन टक्के पुढे बराच त्रास देणार आहेत.

ऊर्जेचा धागा मात्र त्याआधीच हाती आला होता. १९२० मध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी अणूंची वजनं अतिशय काटेकोरपणे मोजली. हायड्रोजनचे चार अणू मिळून जेवढं वस्तुमान होतं, त्याहून हीलियमचा एक अणू सुमारे ०.७ टक्क्याने हलका भरला. त्याच वर्षी कार्डिफच्या सभेत आर्थर एडिंग्टन यांनी सांगून टाकलं की ताऱ्यांचं भांडवल हे असावं. आईन्स्टाईनच्या सूत्राने पाहिलं तर ती एवढीशी तूट प्रचंड ऊर्जेची होती. आक्षेप आला तो तापमानाचा. दोन प्रोटॉन सारख्याच विद्युतभाराचे, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. त्यांना चिकटण्याइतकं जवळ आणायला जी ऊर्जा लागते, तिच्यापुढे दीड कोटी अंशांवरच्या प्रोटॉनची सरासरी ऊर्जा हजारेक पटीने तोकडी पडते. रूढ भौतिकशास्त्राप्रमाणे सूर्य पुरेसा तापलेलाच नव्हता. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी पुंजभौतिकीतून दाखवलं की कण असा अडसर न ओलांडताही पलीकडे जाऊ शकतो. त्याची शक्यता फार कमी असते, पण शून्य नसते. पुढच्याच वर्षी अ‍ॅटकिन्सन आणि हौटरमान्स यांनी ही कल्पना ताऱ्यांना लावली. प्रत्यक्ष कोणत्या अणुक्रिया घडतात हे १९३८-३९ मध्ये हान्स बेथे यांनी, काही भाग चार्ल्स क्रिचफील्ड यांच्याबरोबर, तपशिलाने मांडलं. त्याबद्दल बेथे यांना १९६७चं नोबेल मिळालं.

गाभ्यातला एखादा प्रोटॉन जवळून पाहू. भोवती पाण्याच्या दीडशे पट घनतेची गर्दी आहे, टकरा अखंड चालू आहेत. जवळपास प्रत्येक टक्करीत तो नुसताच परत फेकला जातो. क्वचित अडसर पार करून तो दुसऱ्या प्रोटॉनला भिडतो, तरीही काही होत नाही, कारण नुसत्या दोन प्रोटॉनांचं केंद्रक टिकतच नाही. ते टिकायचं तर नेमक्या त्या निमिषात दोघांपैकी एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. हे काम दुर्बल बल नावाच्या मूलभूत बलाचं, आणि ते नावाप्रमाणेच दुबळं आहे. हा योग एका प्रोटॉनच्या वाट्याला सरासरीने सुमारे ९०० कोटी वर्षांनी येतो. सूर्याचं वय जेमतेम ४६० कोटी वर्षं. तेव्हा गाभ्याच्या ऐन मध्यावर आजही वस्तुमानाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा हायड्रोजन वाट पाहत बसला आहे यात नवल नाही.

तो योग आला की ड्युटेरियमचं केंद्रक तयार होतं, एक पॉझिट्रॉन आणि एक न्यूट्रिनो बाहेर पडतात. पॉझिट्रॉन लगेच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो आणि त्याचे गॅमा किरण होतात. न्यूट्रिनो सरळ निघून जातो. पुढची पायरी झटपट उरकते : काही सेकंदांतच ड्युटेरियमला तिसरा प्रोटॉन चिकटतो आणि हलका हीलियम, म्हणजे हीलियम-३, तयार होतो. असे दोन हीलियम-३ एकमेकांना भेटायला पुन्हा लाखो वर्षं लागतात. भेटले की त्यातून नेहमीचा हीलियम निघतो आणि दोन प्रोटॉन गर्दीत परत सोडले जातात. सूर्याची सुमारे ९९ टक्के ऊर्जा या प्रोटॉन-प्रोटॉन साखळीतून, तिच्या पोटशाखा धरून, येते. उरलेली टक्काभर कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांना मध्यस्थ धरून चालणाऱ्या चक्रातून. बेथे यांना आधी हे चक्रच सूर्यात मुख्य असावं असं वाटत होतं. ते सूर्याहून वजनदार ताऱ्यांत मुख्य ठरलं, कारण तापमान थोडं वाढलं तरी त्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो.

एकूण उलाढाल पाहिली तर दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हीलियम होतो आणि त्यातलं ४२-४३ लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन जातं. हे आकडे ऐकून छाती दडपते, पण ते सूर्याच्या आकारमानाचे आकडे आहेत, त्याच्या तडफेचे नव्हेत. जन्मापासून आजवर या खर्चाने सूर्याचं वस्तुमान फार तर ०.०३ टक्क्याने घटलं आहे. दर घनमीटरमागे पाहिलं तर गाभ्याच्या मध्यावरही तीनशे वॅटहून कमीच ऊर्जा निर्माण होते. बसल्या जागी माणसाचं शरीर शंभरेक वॅट उष्णता टाकतं, आणि ती सत्तरेक लिटरच्या देहातून. किलोमागे हिशेब मांडला तर वर्तमानपत्र वाचत बसलेला माणूस सूर्याच्या काही हजार पट ऊर्जा निर्माण करतो. सूर्य इतका तेजस्वी आहे याचं कारण त्याचं अवाढव्य असणं, आणि तो इतका टिकाऊ आहे याचं कारण पहिल्या पायरीवरचं ते दुबळं बल.

म्हणूनच फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या, आणि भारतही भागीदार असलेल्या, ‘इटर’ प्रकल्पाला ‘पृथ्वीवरचा सूर्य’ म्हणणं मला पटत नाही. सूर्याची पहिली पायरी कोणत्याही वीजकेंद्राला परवडणारी नाही. इटरमध्ये ड्युटेरियम आणि ट्रिटियम वापरायचे आहेत, म्हणजे न्यूट्रॉन आधीपासून हजर, दुर्बल बलाची खुशामत करायला नको. शिवाय तापमान हवं सुमारे १५ कोटी अंश, सूर्याच्या मध्याच्या दहापट, कारण वर दाब द्यायला सूर्याइतकं वजन नाही. सूर्याच्या पद्धतीने चालणारी अणुभट्टी बांधली तर तिच्यावर चहाही होणार नाही.

या संथपणाला एक सांभाळणारी व्यवस्थाही आहे. समजा गाभ्यातली क्रिया थोडी वेगाने होऊ लागली. जादा ऊर्जेने गाभा फुगेल, फुगल्याने थंड होईल, आणि क्रिया पुन्हा मंदावेल. क्रिया मंदावली तर वरचं वजन गाभ्याला दाबेल, तो तापेल, क्रिया पुन्हा वाढेल. हायड्रोजन बॉम्बमध्ये नेमकी हीच सोय नसते. पण ही व्यवस्था सूर्याला अगदी एका जागी ठेवत नाही. चार कणांचा एक कण होत जातो, त्यामुळे गाभ्यातली कणसंख्या घटते. तेवढ्याच तापमानाला दाब कमी पडतो, म्हणून गाभा हळूहळू आकसतो आणि तापतो. जन्मावेळी सूर्य आजच्याहून सुमारे ३० टक्के मंद होता. यापुढे तो दर शंभर कोटी वर्षांना दहाएक टक्क्यांनी उजळत जाईल. गाभ्यातला हायड्रोजन आणखी सुमारे ५०० कोटी वर्षं पुरेल. नंतर रोखलेलं आकसणं पुन्हा सुरू होईल, बाहेरचे थर फुगून सूर्य तांबडा राक्षसी तारा होईल. पण पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या कितीतरी आधी अडचणीत येतील.

गाभ्यात तयार झालेली ऊर्जा बाहेर येते ती दोन टप्प्यांत. गाभा त्रिज्येच्या साधारण पाव भागापर्यंत. तिथून सुमारे ७१ टक्के त्रिज्येपर्यंतचं क्षेत्र प्रारणाचं. इथे द्रव्य जागच्या जागी आणि प्रकाश प्रवासाला असतो. मात्र हा प्रवास सरळ नाही. किरण जरासा जातो, इलेक्ट्रॉनवर आपटतो किंवा शोषला जातो, भलत्याच दिशेला पुन्हा निघतो. गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत यायला प्रकाशाला लाखभर किंवा त्याहून जास्त वर्षं लागतात असं म्हणतात ते यावरून. तोच किरण शेवटी आपल्या अंगणात येतो असं मात्र समजू नये. गॅमा किरणाची ऊर्जा वाटेत विभागली जात जाते आणि त्याच्या जागी दृश्य प्रकाशाचे लाखो कण बाहेर पडतात.

७१ टक्क्यांच्या पुढे तापमान वीस लाख अंशांपर्यंत उतरलेलं असतं. एवढ्या ‘थंडाव्यात’ लोहासारखी जड केंद्रकं काही इलेक्ट्रॉन परत धरून ठेवू लागतात, आणि असे अणू प्रकाश फार शोषतात. वाट तुंबली की खालचा वायूच तापून वर यायला लागतो आणि वरचा थंड होऊन खाली जातो. हे अभिसरणाचं क्षेत्र. त्याचा वरचा थर चांगल्या दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसतो : हजार-दीड हजार किलोमीटर रुंदीचे उजळ ठिपके, भोवती काळसर कडा, प्रत्येकाचं आयुष्य दहा-वीस मिनिटांचं. त्याच्यावर जेमतेम पाचेकशे किलोमीटर जाडीचं दीप्तिमंडल, तापमान साडेपाच हजार अंश सेल्सियस. हाच आपल्याला दिसणारा सूर्य. वायूच्या गोळ्याला इतकी रेखीव कडा कशी, हा प्रश्न रास्त आहे. तिथे काही हायड्रोजन अणूंना एक जादा इलेक्ट्रॉन सैलसर चिकटलेला असतो, आणि असे मूठभर अणू सगळा थर अपारदर्शक करून टाकतात. रूपर्ट विल्ट यांनी हे १९३९ मध्ये ओळखलं.

हे सगळं आत न शिरता ठरवलं कसं? एक मार्ग कंपनांचा. १९६० मध्ये रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माउंट विल्सन वेधशाळेत आढळलं की सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या तालात वरखाली होतो. दहाएक वर्षांनी त्याचा अर्थ लागला : अभिसरणाच्या खळबळीने उठलेल्या ध्वनिलहरी सूर्याच्या आत कोंडल्या आहेत. काही उथळ फिरतात, काही गाभ्यापर्यंत जाऊन येतात, आणि प्रत्येकीच्या तालावरून तिच्या वाटेवरचं तापमान, घनता आणि द्रव्याचं फिरणं काढता येतं. यासाठी सूर्य मावळून चालत नाही. म्हणून १९९५ पासून जगभर सहा ठिकाणांहून त्यावर पाळीपाळीने नजर ठेवली जाते, त्यांतलं एक ठिकाण उदयपूर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी या विषयाची मोठी परंपरा उभी केली. सर्वाणी बसू यांचं सुरुवातीचं काम तिथलंच. अभिसरण क्षेत्राचा तळ त्रिज्येच्या ०.७१३ पटीवर आहे हे बसू आणि अंतिया यांनी मोठ्या काटेकोरपणे पक्कं केलं. त्या तळाशी आणखी एक गोष्ट सापडली. विषुववृत्तावर सूर्य सुमारे २५ दिवसांत फिरतो, ध्रुवांकडे ३५च्या आसपास, आणि हा फरक अभिसरण क्षेत्राच्या तळापर्यंत तसाच राहतो. त्याखालचा भाग मात्र जवळजवळ एकसंध फिरतो. दोन्हींच्या मधल्या पातळ थरात द्रव्य सतत घासलं जातं. सौर डागांमागचं चुंबकत्व तिथे पोसलं जात असावं असं अनेकांना वाटतं, सगळ्यांना नाही. डागांचं चक्र अकरा वर्षांचंच का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही.

दुसरा मार्ग न्यूट्रिनोंचा. ते गाभ्यातून दोन-अडीच सेकंदांत पृष्ठभागाबाहेर पडतात आणि आठ मिनिटांत आपल्यापाशी येतात. नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी आरपार जातात. पकडणं मात्र महाकठीण. रे डेव्हिस यांनी अमेरिकेत साउथ डकोटातल्या होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, ३ लाख ८० हजार लिटरची टाकी बसवली आणि तिच्यात कपडे ड्रायक्लीन करायला वापरतात तो क्लोरीनयुक्त द्रव भरला. न्यूट्रिनो क्लोरीनवर आदळला की आर्गॉनचा किरणोत्सारी अणू तयार होतो. ठरावीक आठवड्यांनी द्रवातून हीलियम सोडून ते अणू गोळा करायचे आणि एकेक मोजायचे. दोन दिवसांत सरासरी एक, या हिशेबाने सापडत. जॉन बाकॉल यांच्या गणिताप्रमाणे त्याच्या जवळजवळ तिप्पट सापडायला हवे होते. १९६८ पासून तीस वर्षं ही तूट भरून निघाली नाही. रसायनतज्ज्ञाची मोजणी चुकली असेल, नाहीतर बाकॉल यांचं सूर्याचं गणित, असं दोन्हीकडून बोललं जाई. कंपनांनी बाकॉल यांच्या बाजूने कौल दिला. सूर्याच्या गणितात कशीही ओढाताण केली तरी सगळी तूट एकदम भरत नाही, हे दाखवणाऱ्यांत चित्रे आणि अंतियाही होते.

चूक कुणाचीच नव्हती. न्यूट्रिनो तीन जातींचे असतात, डेव्हिसना फक्त एकच दिसत होती, आणि सूर्यातून निघालेले न्यूट्रिनो वाटेत जात बदलत होते. कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत दोन किलोमीटर खोल ठेवलेल्या हजार टन जड पाण्याने २००१-०२ मध्ये तिन्ही जाती मोजल्या आणि बेरीज बाकॉल यांच्या आकड्याशी जुळली. डेव्हिस यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं, सडबरीच्या आर्थर मॅकडोनल्ड यांना २०१५ मध्ये, जपानच्या ताकाआकी काजिता यांच्यासोबत. बाकॉल राहिले, आणि हे मला आजही खटकतं. सूर्याचं पोट तपासायला निघालेल्या प्रयोगांनी न्यूट्रिनोला वस्तुमान असतं हे कळायला मोठी मदत केली.

इटलीत ग्रान सासो पर्वताखालच्या बोरेक्सिनो प्रयोगाने २०१४ मध्ये साखळीच्या अगदी पहिल्या पायरीचे न्यूट्रिनो पकडले, आणि २०२० मध्ये कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्राचेही. बेथे यांनी कागदावर मांडलेल्या दोन्ही वाटा ऐंशी वर्षांनी अशा प्रत्यक्ष दिसल्या. इथे ते शेवटचे दोन टक्के पुन्हा आडवे येतात. या शतकाच्या सुरुवातीला वर्णपटाची नवी, अधिक बारकाईची गणितं झाली आणि सूर्यातलं कार्बन-ऑक्सिजनचं प्रमाण आधी मानलं होतं त्याहून बरंच कमी निघालं. कमी जड द्रव्य म्हणजे कमी अपारदर्शकता, आणि तसा सूर्य मांडला की कंपनांशी जुळलेला मेळ बिघडतो. बोरेक्सिनोचा कौल जुन्या, जास्त प्रमाणाकडे झुकतो, पण त्यातली अनिश्चितता मोठी आहे, आणि तो प्रयोग २०२१ मध्ये थांबला. वर्णपटवाल्यांतही आता दोन तट आहेत. मला स्वतःला गोम अपारदर्शकतेच्या गणितात निघेल असं वाटतं, कारण तापलेल्या लोहाची प्रयोगशाळेतली मोजमापंही तिकडेच बोट दाखवतात.

तरीही हा वाद थोडक्या टक्क्यांचा आहे. न दिसणाऱ्या आतल्या भागातला ध्वनीचा वेग गणितातून काढलेल्या वेगाशी बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आत जुळतो. उघड्यावर असलेल्या प्रभामंडलाविषयी, म्हणजे करोनाविषयी, आपण असं म्हणू शकत नाही. १८६९च्या ग्रहणात त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली. हीलियमच्या अनुभवाने पुन्हा नवं मूलद्रव्य सापडल्याचं जाहीर झालं, त्याला ‘कोरोनियम’ नावही मिळालं. सत्तरेक वर्षांनी वाल्टर ग्रोट्रियान आणि बेंग्ट एडलेन यांनी दाखवलं की ती रेषा साध्या लोखंडाचीच आहे, फक्त त्याचे तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेले आहेत. त्यासाठी दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागतं. साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागावर दहा-वीस लाखांचं आवरण! ऊर्जा कमी पडत नाही, सूर्याच्या एकूण तेजाचा दहा हजारावा हिस्साही त्याला लागत नाही. ती चुंबकक्षेत्रातून येते याबद्दलही फारसं दुमत नाही. वाद आहे तो ती उष्णतेत कशी बदलते याचा : क्षेत्ररेषांवरून चढणाऱ्या लहरी वर जाऊन विरतात म्हणून, की पीळ पडलेल्या रेषा जागोजाग तुटून जुळताना असंख्य छोटे स्फोट होतात म्हणून.

दुसरी कल्पना युजीन पार्कर यांची. याच पार्कर यांनी १९५८ मध्ये प्रभामंडलातून सतत सौरवारा वाहत असला पाहिजे असं मांडलं, तेव्हा दोन्ही परीक्षकांनी लेख नाकारला होता. संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी लेख छापला. पार्कर यांच्या नावाचं यान २०२१ मध्ये प्रभामंडलात शिरलं आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडे पाहत आहे. त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडवली गेली. ती जंबुपार प्रकाशात दीप्तिमंडल आणि त्याच्या लगतचं वर्णमंडल टिपते, म्हणजे साडेपाच हजार अंशांवरून तापमान चढायला लागतं नेमका तो भाग. बंगळुरूत तयार झालेलं ‘व्हीईएलसी’ सूर्याची तबकडी झाकून कृत्रिम ग्रहण घडवतं आणि त्याच्या वरचं प्रभामंडल पाहतं. लोखंडाची ती हिरवी रेषा त्याच्या कामाच्या यादीत आहे. लहरी की छोटे स्फोट, याचा निकाल या दोन उपकरणांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडून लागेलच असं नाही. दोन्ही वाटा कमी-अधिक खऱ्या असतील आणि सूर्याच्या शांत भागात एक, डागांच्या वर दुसरी वरचढ ठरत असेल, असं मानणारे आता वाढत आहेत.